भिंतीच्या कोपऱ्यातलं नाव

टर्पेंटाइनचा वास आला की मला इंझोरीची ती भिंत आठवते. समाजमंदिरावर पिंपळ रंगवायचं काम मिळालं, म्हणून आम्ही सगळेच कामरगावहून जीपनं निघालो होतो. नवरा, सासूबाई, मांडीवर लेक आणि पायाशी रंगाचे डबे. दिवसभर मी शिडीवर, नवऱ्यानं शिडी धरलेली, सासूबाई सावलीत लेकीला खेळवत बसलेल्या. गावातले एक पुढारी मात्र जे काही विचारायचं ते नवऱ्यालाच विचारत होते. उन्हं उतरता उतरता शेवटचं पान झालं. सगळेच पेंटर टाकतात तसं कोपऱ्यात नाव टाकायला मी ब्रश उचलला, तर ते म्हणाले, "बाईचं नाव कायले? याचंच टाका." सासूबाई उठल्या. "माह्या पोरानं सकाळपासून शिडी धरली, भाऊ. त्याचं नाव शिडीवर लिहा." नवरा हसला, पण शिडी सोडली नाही. मी माझंच नाव लिहिलं, ठरवलं होतं त्याहून मोठ्या अक्षरांत. "चुना फासतो मी त्याच्यावर," पुढारी म्हणाले. "फासा," मी म्हटलं आणि सावकाश खाली उतरले. त्यांनी तो खरंच फासला, असं नंतर कानावर आलं. गेल्या महिन्यात पुन्हा त्या रस्त्यानं गेलो. ऑइलपेंटवर चुना धरत नाही. पापुद्रे सुटून खाली पडले होते, आणि आता वाचायला शिकलेल्या माझ्या लेकीनं ते नाव जीपमधूनच मोठ्यानं वाचलं.