न मोजलेली पिशवी

साने मॅडमनी मला सांभाळून घेतलं. आमच्या तातडीच्या वॉर्डातल्या त्या सगळ्यांत मोठ्या डॉक्टर. मी सातवीत शाळा सुटलेली, गावापासून लांब आलेली वॉर्डातली मावशी. राउंडआधी सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून मी एका आजोबांची लघवीची पिशवी न मोजताच ओतून टाकली. किडनी चालतेय का, ते त्या मापावरच कळणार होतं.

"कुणी केला हा शहाणपणा?" ज्युनिअर डॉक्टर ओरडले.

"मावशींना सांगायचं मीच विसरले," मॅडम म्हणाल्या.

सांगितलं होतं त्यांनी, दोनदा. मग त्या स्वतःच आजोबांपाशी बसल्या, नळीतून रिकाम्या पिशवीत उतरणारा लघवीचा एकेक थेंब बघत. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा तरी होतो; असं पाठीशी घातलं की मान वर होत नाही.

मॅडम, कधीतरी तुम्ही दमाल. तेव्हा तुमच्या जागी मी बसेन, नजर न हलवता.