इंगळेभाऊंचं रॅक

रेकॉर्ड रूममधला फायलींचा एक बस्ता ओढला, की वरचे चार अंगावर यायचे. आमच्या अमरावतीच्या ऑफिसचे किस्सेही तसेच! साठ सालच्या आसपासचे. बहुतेक सगळे रेकॉर्ड कीपर इंगळेभाऊंचे. अकरा वर्षं नोकरी, तीही टेम्पररी. त्या वर्षी कायम झाले नसते, तर थेट घरी!

*

इंगळेभाऊ गावांच्या फायली मोटारीच्या रस्त्यानं, म्हणजे वाटेत गावं लागतात त्या क्रमानं लावत. दारापाशी बडनेरा, मग मधली खेडी, पार भिंतीशी नांदगाव खंडेश्वर. नवे साहेब पुण्याचे. म्हणाले, "इंगळे, वर्णानुक्रम म्हणून काही असतं की नाही?"

"असते नं साहेब. पण गावं रस्त्यानं हायेत, बाराखडीनं नाई!"

साहेबांनी त्याच दिवशी वर्णानुक्रमाचं परिपत्रक काढलं. ते तासाभरात लागू होऊन भिंतीवर लागलं. इंगळेभाऊ मात्र अकरा वर्षांत कायम झाले नव्हते.

*

इंगळेभाऊ रजेवर असताना एक शेतकरी जमिनीच्या कागदाची नक्कल मागायला आला. बडनेऱ्याच्या बस्त्यात चिठ्ठी निघाली, 'लोणी पाहा'. लोणीत 'नांदगाव पाहा'. नांदगावात 'बडनेरा पाहा'. मी प्रामाणिकपणे तीन फेऱ्या मारल्या!

इंगळेभाऊ आल्यावर मी भांडलोच. ते शांतपणे म्हणाले, "चिठ्ठ्या काढाच्या रायल्या. कागद त चार महिन्यांपासून साहेबाच्या टेबलावर हाय."

*

परिपत्रक भिंतीवरच राहिलं, फायली रस्त्यानंच. अकोल्याच्या जुन्या शहरातले एक कारकून ही रस्त्याची पद्धत शिकून गेले. पावसाळ्यात त्यांचं कार्ड आलं, 'मोर्णेला पूर आहे. नदीपलीकडच्या गावांच्या फायली काढाव्यात की थांबावं?'

इंगळेभाऊंनी उत्तर लिहायला सांगितलं, "थांबा म्हना. घाई कोनाले हाय?"

*

अखेर साहेबच त्यांना कायम करायला तयार झाले. फक्त सर्व्हिस बुक त्याच संध्याकाळपर्यंत वर पाठवायचं होतं. आणि सगळ्यांचे कागद शोधून देणाऱ्या माणसाचं स्वतःचंच बुक सापडेना! दुपारपर्यंत आम्ही सगळे बस्ते उलथेपालथे केले. इंगळेभाऊ मात्र एकाही बस्त्याला हात न लावता कोपऱ्यात उभे.

साहेब म्हणाले, "इंगळे, तुम्हाला माहीत आहे, हो ना?"

त्यांनी मान खाली घालून नांदगावच्या रॅककडे बोट दाखवलं. रॅकचा एक पाय आखूड होता. त्याखाली जाड पुठ्ठ्याचं सर्व्हिस बुक!

"हे इथं काहून ठेवलं?" मी ओरडलो.

"रॅक हालून राहिलं होतं. दुसऱ्याचा कागद पायाखाली कसा ठेवू? हा माहाच होता, म्हून ठेवला."

मला तर त्यांच्याकडे बघवेना. मग साहेबांनी कोट काढला, आमच्याबरोबर रॅकला खांदा लावला आणि बुक ओढून घेतलं. धूळ झटकून तिथेच उभ्या उभ्या सही केली.

रॅक पुन्हा डुलायला लागलं. साहेबांनी भिंतीवरचं वर्णानुक्रमाचं परिपत्रक काढलं, त्याची नीट आठपदरी घडी केली आणि खाली वाकून पायाखाली सरकवली.

"बघा हो इंगळे, हलतंय का?"