मोरीच्या पाण्यावरून

जीप माझ्या दारापुढं थांबली, तेव्हा शेजारणीचा नवरा माझ्या देवघरात दडून बसला होता. तिलाही मी त्याच्यामागं आत ढकललं होतं. पण चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून ती मागच्या दारानं घरी गेली आणि पातेलं घेऊन नेमकी तेव्हाच माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. दुधावर एवढा जीव!

शहरात दंगल पेटली होती. जीपमधली पोरं आमच्या भागातली नव्हती. हातात काठ्या होत्या.

"आजी, मुसलमानांची घरं कुठली?"

"हितं आमीच राहतोत."

"ही कोण?"

शेजारीण माझ्यासारखंच लुगडं नेसते. मी म्हणाले, "माझी जाऊ. वाटणी झाली, पर मोरीचं पाणी अजून माझ्याच अंगणात सोडायलीय."

तिनं फक्त गप्प राहायचं होतं. पण मोरीचं नाव काढलं की या बाईला समोर मरण उभं असलं तरी दिसत नाही.

"मोरी माझ्या सासऱ्यानं बांधलीय! तुला का झोंबायलंय?"

"तुझ्या सासऱ्याला..." एवढं बोलून मी जीभ चावली. जावांचा सासरा एकच असतो. तिचा सासरा गवंडी होता. माझ्या सासऱ्यानं जन्मात वीट उचलली नाही. "मामंजींला उतार कळत न्हवता," मी सावरून घेतलं.

"मेलेल्या माणसाला नावं ठेवतीस? लाज न्हाई तुला?"

ती खरंच भांडत होती. मग मीही खरीच भांडले. लय दिवसांचं साचलं होतं. पोरं कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं बघत राहिली. शेवटी ड्रायव्हरशेजारचा म्हणाला, "आजी, एखादा पाईप टाका की."

"तू टाकतूस का?" ती त्याच्यावर धावली. "उतर खाली. कुदळ देते."

कोणी उतरलं नाही. पुढं चौकातल्या माणसांनीही त्यांना सांगितलं, हितं तसं कुणी न्हाई. जीप आली तशी गेली.

मग तिनं पातेल्यात बघितलं. निम्मं दूध सांडलं होतं. म्हणाली, "जाऊ म्हणलीस ना? मग तुझ्या अंगणातल्या लिंबाच्या झाडात वाटणी दे."

"आधी मोरी वळव."

तिचा नवरा देवघरातून बाहेर आला. विभूतीची डबी अंगावर सांडून घेतली होती. विचारतो कसा, "मिटलं का भांडण?"

आम्ही दोघी त्याच्यावर ओरडलो.

ती वाचली, तो वाचला. दोघं आजही माझ्या शेजारीच राहतात.