अक्कासाठी घेतलेला पंप

सायकलचा पंप निवडायला मला दोन तास लागले होते. बायको बघायला गेलो तेव्हाही एवढा वेळ घेतला नव्हता. हसू नका.

निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. मी ईट या गावापासून चार कोसांवरच्या एका खेड्यात मास्तर होतो. माझी थोरली बहीण, अक्का, ईटच्याही पलीकडं दिलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. त्या वर्षी तिच्या छातीचं दुखणं निघालं आणि दर रविवारी मी सायकल हाणत तिच्याकडं जाऊ लागलो. वाट म्हणजे गाडीवाट, दोन्ही अंगांनी बाभळी. काटा घुसून चाक बसलं की सायकल ढकलत जायची. पोचेपर्यंत दुपार टळायची, आणि तोवर अक्का न जेवता ओट्यावर बसलेली. तेव्हाच ठरवलं, पंप घ्यायचा.

शाळेच्या कामाला उस्मानाबादला गेलो तेव्हा दुकानदारानं दोन पंप पुढं ठेवले. एक उभा, लोखंडी, पायानं दाबून धरून दोन्ही हातांनी मारायचा. दहा-पंधरा दणक्यांत चाक दगडासारखं. पण तो वाटेवर न्यायचा कसा? दुसरा हातभर लांबीचा, पितळी, सायकलच्या दांडीला अडकवायचा. "हात दुखेंगे मास्टरसाब, पन रस्तेमें यहीच काम आयेगा," दुकानदार म्हणाला. मी दोन्ही मारून बघितले, आतला चामड्याचा वायसर काढायला लावला, त्याला तेल लावायला लावलं. दुकानदाराचं डोकं खाल्लं नुसतं. शेवटी पितळी घेतला. माझं रस्त्यातच तर अडत होतं!

आश्विनात निरोप आला. अक्काला मिरजेच्या दवाखान्यात नेतायत, नवमीला दहाच्या एसटीनं ईटवरून निघणार, स्टँडवर येऊन भेटून जा. निरोप आणणारा एवढं बोलला आणि खाली बघत राहिला. मी समजायचं ते समजलो.

आदल्या संध्याकाळी मागच्या चाकाचं पंक्चर काढलं. सोल्युशन रात्रभर वाळू दे, हवा सकाळी भरू, म्हटलं. पंप होता की दांडीला. काळजी कसली?

सकाळी विहिरीवरून आंघोळ करून आलो तर पंप जाग्यावर नाही. मी ज्यांच्या घरी राहत होतो त्या आबांकडं खंडेनवमीची पूजा होऊन गेली होती. पाटावर विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ आणि मधोमध माझा पंप. हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. आबांच्या घरच्या काकूंनी कौतुकानं मांडला होता. "मास्तर, तुमचं बी हत्यार ठिवलं बगा. कसं सोन्यावाणी दिसतंय!"

त्या दिवशी पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं? गावात दुसरा पंप नव्हता, आणि असता तरी पाटावरच असता. मी काकूंवर ओरडलो. कधी नव्हे ते ओरडलो. त्या रडायलाच लागल्या. आबा हळू आवाजात म्हणाले, "उचला मास्तर, म्या न्हाय म्हणत न्हाय. पर बहीण आजारी हाय तुमची. आजच्या दिवशी देवीचं उचलून तिच्याकडं जाणार का?"

अहो, वर्गात पोरांना रोज सांगायचो, असलं काही नसतं, भिऊ नका. आणि माझाच हात पुढं जाईना! दुसऱ्या कुठल्या कामाला जायचं असतं तर खुशाल उचलला असता. पण अक्काचं काही बरंवाईट झालं तर? पाटापुढं मूर्खासारखा बसून राहिलो, किती वेळ कुणास ठाऊक. मग उठलो आणि चालत सुटलो. चालत कसला, पळतच. एक चप्पल तुटली, तेव्हा दोन्ही तिथंच टाकल्या.

ईटला पोचलो तेव्हा स्टँड रिकामा. पानवाला म्हणाला, "गाडी जाऊन अर्धा घंटा झाला."

अक्का मिरजेतच गेली, दिवाळीच्या आधी. मला त्या पाटाचा संताप येतो, आबांच्या त्या शब्दांचा येतो, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो. एवढी वर्षं झाली, अजून येतो. देवीचा मान राखला, तिनं माझं काय राखलं? हे विचारून काही उपयोग नाही, तरी विचारतो.

तेराव्याला अक्काचे मालक, आमचे दाजी, माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "कंडक्टरला लई विनवलं तिनं. माझा भाऊ यायलाय, जरा थांबा म्हणली. गाडी सुटली तरी खिडकीतनं मागंच बघत व्हती. म्या चिडलो तुमच्यावर. तर मलाच म्हणती, अवो, वाटंत पंक्चर झाली असंल त्याची, न्हायतर तो येणार न्हाय असं व्हईल का?"

मग त्यांनी विचारलं, "पंक्चर झाली व्हती का वो?"

मी मान खाली घातली.

"व्हय दाजी," म्हणालो, "पंक्चरच झाली व्हती."