महरेझियाने शिकवलेलं ‘नाही’

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या आमच्या विशेष शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळणारी बाई म्हणजे महरेझिया. मासळीबाजारात कमावलेला आवाज, आणि नवरा गेल्यापासून याच पगारावर चाललेलं घर. मी पालक संघटनेची. माझा मुलगा तिच्याच बसने जातो. आमची ओळख भांडणातून झाली, म्हणून टिकली.

वसंतात एका अनोळखी माणसाने फाटकाबाहेरून रिहाबला हात धरून नेलं. मोठी झाली तरी लहानग्यासारखं मन असलेली पोर, हसत निघाली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने हटकलं, तसा तो पळाला. शाळेने काय केलं? भिंत वाढवली, कॅमेरा लावला. मी मुख्याध्यापक मुन्सिफ सरांच्या टेबलावर हात आपटला. “चोर भिंतीवरून आला होता का? पोर फाटकातून गेली, स्वतःच्या पायांनी!”

ती का गेली, हे महरेझियाने बोलून दाखवलं. “पाहुणा आला, काकांना पापा दे. शेजारी आला, काकांना पापा दे. या पोरांना अख्ख्या गावात परका माणूस उरलाच नाही, सगळे काकाच!”

मग तिने बसमध्ये खेळ सुरू केला. “मी तुला न्यायला आले. आईने सकाळी माझं नाव सांगितलं होतं?” मूल नकारार्थी मान हलवायचं. “मग काय म्हणायचं?” सगळी बस ओरडायची, “नाही!” काचा थरथरायच्या. ड्रायव्हर कानात कापूस घालू लागला.

ईदला रिहाबने आजोबांना पापा द्यायला ‘नाही’ म्हटलं, आणि तिची आई वसीला तणतणत शाळेत आली. “पाहुण्यांच्या देखत सासऱ्यांपुढे माझी मान खाली गेली!” मुन्सिफ सरांनी महरेझियाला बोलावून बजावलं, “आणखी एक तक्रार आली तर बसमध्ये दुसरी बाई बसेल.”

मी तिला म्हटलं, “थोडे दिवस दम धर.”

“तू कधी धरलास?” ती म्हणाली. खेळ चालूच राहिला.

मग एका दुपारी बस बंद पडली. बाकीच्यांचे आईबाप आले; माझ्या मुलाला त्याचे बाबा घेऊन गेले, मी थांबले. वसीला सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात होती. तिने सरांना फोन केला, महरेझियाबरोबर पाठवा म्हणून, आणि तिचा फोन बंद झाला. महरेझियाने हात पुढे केला. “चल गं राणी.”

रिहाबने हात पाठीमागे घेतले. “आईने नाव सांगितलं?”

“सकाळी नाही सांगितलं. आत्ता सांगितलं, सरांना.”

“नाही!” रिहाब फाटकाच्या पायरीवर बसकण मारून बसली.

“बघा तुमचं शिक्षण!” सर कडाडले. “रोज जिच्या मांडीवर झोपते, तिच्याबरोबरही जाईना!” महरेझियाचा चेहरा मात्र पोरीचं लग्न ठरल्यासारखा फुलला होता. सरांनी स्वतःच्या डब्यातला मकरूद, खजूर भरलेली गोड वडी, पुढे केला. रिहाबने तो घेतला, खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाली, “नाही.”

मला हसू आवरेना. सरांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तेही पायरीवर बसले. दुसरं करणार काय?

वसीला धापा टाकत आली तेव्हा पायरीवर आम्ही चौघं ओळीने बसलो होतो. काय घडलं ते मीच सांगितलं, जरा चढ्या आवाजात. आता ही तक्रार करणार, या भीतीने महरेझिया चपलेकडे बघत राहिली. वसीला पोरीकडे बघत होती.

“मकरूद खाऊनसुद्धा गेली नाही?”

“खाऊनसुद्धा,” सर म्हणाले.

वसीला मटकन खाली बसली आणि पोरीला छातीशी धरून रडायलाच लागली. मग डोळे पुसत म्हणाली, “सासऱ्यांना मी समजावेन. महरेझियाला बसमधून काढू नका.”

सर उठले, पँट झटकली. “सोमवारपासून हा खेळ वर्गात घ्यायचा. फक्त ते ‘नाही’ जरा हळू म्हणायला शिकवा.”

“हळू म्हटलेलं भाजीवाल्याला ऐकू जात नाही, सर,” महरेझिया म्हणाली.