सायराकान आपाच्या घरातली मुकी लाइन

सायराकान आपाची उमेदीची सगळी वर्षं कोचकोर गावच्या टेलिफोन केंद्रात गेली. कानाला यंत्र, हातात वायरी आणि जिभेवर शिव्या. लाइनमन पिऊन पडला की ही स्वतः बिघाड शोधायला निघायची. तिची पद्धत साधी होती. लाइन मधोमध धरायची, बोलकी बाजू सोडून द्यायची आणि मुकी बाजू पुन्हा मधोमध धरायची. ते जुनं केंद्र बंद होऊन नवं आलं तेव्हा वायरीला चिमटे लावून ऐकायचा तपासणीचा जुना फोन तिने सरळ पिशवीत घालून घरी आणला. 'परत करा' म्हणणाऱ्या साहेबाला तिने काय सुनावलं, ते बाजारात अजून हसून सांगतात.

तर अशा बाईच्या घरची लाइन त्या रविवारी मुकी झाली होती, आणि तीही नेमकी लेकाचा फोन यायच्या दिवशी.

तलाय, तिचा एकुलता एक मुलगा, मॉस्कोत बांधकामावर होता. आपाची नजर अधू, मोबाइलवर तिला लेकाचं तोंड दिसायचं नाही, म्हणून जाताना त्याने मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घेऊन दिला होता. मंगळवारी त्याचा मोबाइलवर फोन आला. इथे आईलाही आपाच म्हणतात.

"आपा, नवं काम हाती घेतोय. तुझी दुवा हवी."

"अशी हवेत फेकायची दुवा माझ्याकडे नाही. माझे हात तुला दिसले पाहिजेत, तुझे मला."

"म्हणून तर म्हणतो, रविवारी दुपारी कॉम्प्युटरपुढे बस."

नवं काम म्हणजे ट्रक, असं आपाने स्वतःच ठरवून टाकलं. बुधवारपर्यंत अख्ख्या गल्लीला तलायचा ट्रक माहीत झाला होता. रविवारी सकाळी तिने सुनेला बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे तळायला बसवलं, स्वतः डोक्याला पांढराशुभ्र रुमाल बांधला, कॉम्प्युटर लावला, आणि पडद्यावर नेटवर्क नसल्याची पाटी आली.

तिने मोडेम बंद करून चालू केला. प्लग काढून फुंकर मारून पुन्हा लावला. तक्रारीच्या नंबरवरच्या मुलीने तेच सगळं पुन्हा करायला सांगितलं, तेही गोड आवाजात, त्यामुळे आपा जास्तच भडकली. भिंतीवरून ओरडून विचारलं, तर शेजारच्या कुलिपाचं नेट व्यवस्थित चालू होतं.

"राहू द्या ना, आपा," बेगिमाय चहा ओतत म्हणाली. "पुढच्या रविवारी बघू."

बेगिमाय म्हणजे तलायची बायको. लोकर थापून केलेल्या नमद्याचे गालिचे शिवून घर सावरणारी, कमी बोलणारी. तिची लहानगी त्या वेळी कुलिपाच्या अंगणात खेळत होती.

"पुढच्या रविवारपर्यंत ट्रक काय तुझी वाट बघत उभा राहणार आहे?" आपा खेकसली. "आणि चहा वाटीत ओत, चटईला तहान लागलेली नाही."

सुनेने पुन्हा चहा चटईवरच सांडला. आपाने ते पाहिलं, पण तिच्या डोक्यात तेव्हा लाइनच होती.

शेवटी तिने तपासणीचा फोन काढला. बाहेर भिंतीवरच्या डबीत दोन चिमटे लावले. कानात घूं घूं असा आवाज आला, भरभरून, पूर्वीसारखा. बाहेरची बाजू बोलकी होती. आत येऊन तिने मोडेमजवळ चिमटे लावले. तिथे काहीच ऐकू येईना. म्हणजे बिघाड या दोहोंच्या मध्ये, आणि मध्ये होती भिंतीला टेकलेली लाकडी पेटी आणि पेटीवर रचलेली गोधड्यांची चवड.

आपा तिथेच थबकली. ती चवड बेगिमायच्या माहेरची होती, तिच्या आईने शिवलेली. आपाच्या स्वतःच्या सासूने तिच्या माहेरच्या गोधड्या न विचारता नात्यात वाटून टाकल्या होत्या. ते दुःख आपाला अजून जळजळतं. सून घरात आली त्या दिवशीच तिने शपथ घेतली होती, या चवडीला आपलं बोटसुद्धा लागणार नाही.

"पोरी, वायर मागून जाते. चवड तुझी आहे, तूच उतरव."

बेगिमाय जागची हलली नाही.

"ऐकू येत नाही का? तो तिकडे दुवेसाठी खोळंबलाय!"

मग बेगिमाय उठली. एकेक गोधडी उतरवू लागली. पेटी सरकवली. वायर मधोमध तुटलेली होती. आपाने टोक बोटात धरून डोळ्यांजवळ नेलं. उंदराने कुरतडलेलं टोक ओबडधोबड असतं. हे सरळ कापलेलं होतं, आणि त्याला नमद्याची लाल लोकर चिकटली होती.

"कात्रीने?" आपाने टोक तिच्यापुढे धरलं. "लाइन कापलीस तू? माझ्या घरात?"

बेगिमाय खाली बसली. इथे सून नवऱ्याचं नाव घेत नाही, सासूपुढे त्याचं गाऱ्हाणं तर नाहीच नाही. पण आता तिचा बांध फुटला.

"लेकीचे बाबा तिकडे दुसरा निकाह लावतायत, आपा. बुधवारी रात्री त्यांनीच फोनवर सांगितलं मला. म्हणाले, आपाचे हात एकदा वर झाले की कुणी काही बोलायचं नाही."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही अख्ख्या गल्लीला ट्रक सांगून मोकळ्या झाला होतात."

आपाने तुटकं टोक मुठीत आवळलं. आधी सुनेचा राग आला, कारण लाइन कापणाऱ्याला तिने जन्मात माफ केलं नव्हतं. मग लेकाचा आला, आणि तो इतका मोठा होता की पहिला त्यात बुडून गेला. तिला बुधवारचा आपला मिरवणारा आवाज आठवला आणि लाज वाटली. या पोरीने चार दिवस हे उरावर घेऊन चुलीपुढे काढले होते, आणि आपल्याला सांडलेला चहासुद्धा धड वाचता आला नाही.

तिने वायरीचं आवरण दातांनी सोललं.

"जोडू नका, आपा. पाया पडते."

"आज नाही जोडली तर तो उद्या दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्याची दुवा घेईल. टोक धर घट्ट."

तार तारेशी पिळली. मोडेमवर हिरवा दिवा लागला, आणि थोड्याच वेळात पडद्यावर तलाय आला. नवा सदरा, दाढी गुळगुळीत. मागे मेजवानीसाठी मांडलेला दस्तरखान दिसत होता.

"आपा! किती वेळ लावतेयस! बरं, ते काम..."

"कळलं मला काम. बेगिमाय, इकडे ये. मानाच्या जागी बस, माझ्या शेजारी."

सुनेला पाहून तलायचा चेहरा उतरला. आपाने दोन्ही तळवे वर केले. थोरांचे हात वर झाले की धाकट्यांचे आपोआप वर होतात, हे तलायला चालता येत नव्हतं तेव्हापासून शिकवलेलं. त्याचेही हात वर झाले.

"देवा," आपा म्हणाली, "या बेगिमायची चूल कधी विझू देऊ नकोस. हिच्या दाराशी दुसरीचं पाऊल येऊ नये. हिचा नवरा जसा गेला तसाच हिचा होऊन परत येवो. ओमीन."

तिने तळवे तोंडावरून फिरवले. बेगिमायने रडत रडत फिरवले. तलायचे हात मात्र तसेच उघडे राहिले. तळवे फिरवून ओमीन म्हटलं तर दुवा लागू होणार, नाही म्हटलं तर आईची दुवा नाकारल्याचं पाप. मागून कुणा बाईने त्याला हाक मारली. त्याने हात खाली घेतले आणि पडदा काळा झाला.

"गेली का लाइन?" बेगिमायने घाबरून विचारलं.

आपाने मोडेमकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता. जन्मभर बिघाड सापडला की तिला बरं वाटायचं. आज तिचे डोळे भरून आले.

"आपली बाजू बोलतेय, पोरी," ती म्हणाली. "तोडली ती त्याने."

मग ती उठली आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुझ्या गोधड्या रचायला मी हात लावू का?"