निळा नीट दाखवणारा मॉनिटर

एप्रिलमधल्या जयंतीचा बॅनर मी केला होता आणि तो जांभळा आला. विहारासमोर बांधून झाल्यावर खाली उभे असलेले सगळे मान वर करून पाहू लागले. मग विहार समितीचे अध्यक्ष असलेले काका म्हणाले, "बाबू, हा आपला निळा नोहोय."

मी गोंदियाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे गावात कॉम्प्युटरचं काहीही काम निघालं की ते माझ्याकडे येतं. फॉर्म, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर. माझा मॉनिटर बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आणलेला होता. बसून पाहिलं तर त्यात एक रंग दिसायचा आणि उभं राहून पाहिलं तर दुसरा. बॅनरला होकार द्यायला समितीचे पाच जण माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी बसलो होतो. त्यांनी त्यांचा निळा पाहिला, मी माझा पाहिला आणि फ्लेक्सवर तिसराच छापून आला. हे मला फार उशिरा समजलं.

"बुद्धपौर्णिमेचाही तूच करजो," काका म्हणाले. "पण निळा निळाच पाहिजे."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पुन्हा काम दिलं आणि माझी झोप गेली. पुन्हा जांभळा आला असता तर कोणी मला काही बोललं नसतं, फक्त पुढचा बॅनर दुसऱ्याकडे गेला असता. नवा मॉनिटर घ्यायचा हे ठरलं. शिष्यवृत्ती जमा झालीच होती.

इथे मला एक कबूल करायला हवं. मॉनिटर मला फक्त बॅनरसाठी नको होता. कॉलेजातल्या दोन मित्रांबरोबर मी ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळतो. जुन्या मॉनिटरवर गेममधल्या माणसाची मान वळवली की सगळं चित्र फरफटत जायचं आणि मी सगळ्यांत आधी मरायचो. "तुह्या स्क्रीनवर माणूस तू मेल्यावरच दिसते का बे?" असं ते विचारायचे. मला हसू यायचं आणि लागायचंही. म्हणून मला वेगाचा मॉनिटर हवा होता. एका सेकंदात एकशे ऐंशी चित्रं दाखवणारा.

पण वेगवान मॉनिटर रंगाला कच्चे असतात, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. दुसऱ्यात सांगितलं की आता तसं राहिलेलं नाही. कोहमाऱ्याच्या बसथांब्यावर, बसमध्ये, वर्गात शेवटच्या बाकावर मी हेच पाहत होतो. वहीत एक मॉडेल लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी खोडायचो. जेवताना ताटावरून उठून फोन बघायचो.

"काऊन रे, पेपर हाय का तुहा?" बाबांनी विचारलं.

"नाही. मॉनिटर पाहून राहिलो. बॅनरसाठी."

'बॅनरसाठी' मी जरा जोरातच म्हणालो.

बाबा राइस मिलमध्ये कामाला आहेत. त्यांनी सुट्टी घेतली. "येतो मी. मॉनिटरचा डबा मोठा राह्यते, एकटा बसमधी कसा आणशील?" मला ते नको होते, पण नाही म्हणवलं नाही.

निघताना मी छतावरच्या काठीचा पंचशील ध्वज उतरवून बॅगेत ठेवला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. रंग तपासायला याहून चांगलं काय असणार, असं मला वाटलं. ही युक्ती कुठल्याच व्हिडिओत नव्हती, म्हणून ती मला जास्तच हुशारीची वाटली.

गोंदियाच्या दुकानात दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले होते. दुकानदार म्हणाला, "भैया, कलर का काम है तो ये लो. गेम खेलना है तो वो." मी बाबांकडे पाहिलं नाही. पेनड्राइव्हमधलं ध्वजाचं चित्र दोन्हींवर लावलं आणि बॅगेतला ध्वज काढून स्क्रीनला भिडवला. रंगवाल्यावर निळा भडक दिसत होता. वेगवाल्यावर अगदी कापडासारखा दिसत होता. काम आणि गेम दोन्ही एकाच डब्यात!

"हाच द्या," मी म्हणालो.

"थांब," बाबा म्हणाले.

मिलमध्ये तांदूळ पाहायचा तर ते तो तळहातावर घेऊन दाराशी जातात, आतल्या दिव्याखाली पाहत नाहीत. तसाच त्यांनी ध्वज दाराशी नेला. काठीकडची कड शिवणीत दुमडलेली असते, ती नखाने उलगडली. आतला निळा गडद होता. बाहेरचा त्याच्यापुढे धुतल्यासारखा दिसत होता.

"वर्षभर उन्हात होता ना बे हा. उडालेला रंग घेऊन रंग पाहाले आला!"

दुकानदार मोठ्याने हसला. मी ती कड दोन्ही स्क्रीनला लावली. ती रंगवाल्याशी जुळली.

"बाबा, मले गेमबी खेळाचा होता," मी हळूच म्हणालो.

"मंग सांगाले का झालं होतं? मी का गेम पाहिला नाही का कधी?" ध्वजाची घडी घालत ते म्हणाले, "मले यातलं समजत नाही. घेणारा तू हायस."

काकांचा चेहरा आठवला नसता तर मी काय केलं असतं, मला नक्की सांगता येत नाही. मी रंगवाला घेतला. बसमध्ये डबा मांडीवर होता आणि मी दुसऱ्याच मॉनिटरचा विचार करत होतो.

पौर्णिमेच्या आधी फ्लेक्सवाल्याकडून मी हातभर तुकडा छापून घेतला. त्याच्यातही जांभळी झाक होती. मशीनवाला म्हणाला, "स्क्रीन में लाइट है, इधर स्याही है. मॉनिटर बदलने से मशीन थोड़ी बदलती है. गुलाबी कम कर." एवढं मात्र खरं की नव्या मॉनिटरवर तुकडा आणि स्क्रीन यांतला फरक मला दिसत होता. जुन्यावर तो कधीच दिसला नसता. मी गुलाबी शाई कमी करत आणखी दोन तुकडे छापून घेतले आणि तिन्ही तुकडे काकांकडे नेले. त्यांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा. बाकीचे कोनाले दाखवू नको."

पौर्णिमेला बॅनर लागला. मी कधी जवळून, कधी रस्त्यापलीकडून पाहत होतो. लोक येत होते, वंदना करून बसत होते. निळ्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. मी अजून वाटच पाहत होतो, तेवढ्यात काकांनी हातात खिरीची वाटी दिली आणि म्हणाले, "उभा काऊन आहेस? खुर्च्या लावाले चाल."